घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग: डिझाईनचा फोल्डर कारखान्यापर्यंत नेताना

आधी राउटरमध्ये जा आणि पोर्ट ४४५ चा (पोर्ट म्हणजे नेटवरून आत यायचं नंबरचं दार) जो नियम टाकला आहे तो काढून टाका. मग पुढचं वाचा.

तुमची अडचण मला समजली ती अशी. घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर तुम्ही टॉवेल आणि चादरींच्या जकार्ड डिझाईन करता. कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मेव्हण्यांचा. मुलगी पुण्यात, तीही डिझाईनचं काम बघते. आजवर फाइल पेनड्राइव्हवर नाहीतर व्हॉट्सॲपवर जायच्या आणि शेवटची फाइल कोणती यावरून घोळ व्हायचा. म्हणून तुम्ही फोल्डर शेअर केला, एक व्हिडिओ बघून इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ४४५ फॉरवर्ड केला. तरी कारखान्यातून फोल्डर दिसत नाही आणि पोर्ट तपासणाऱ्या साइटवर 'क्लोज्ड' येतं.

फोल्डर दिसला नाही हे बरंच झालं. ४४५ हा विंडोजच्या फाइल शेअरिंगचा पोर्ट आहे. तो घरातल्या घरात, कारखान्यातल्या कारखान्यात वापरायचा असतो. इंटरनेटवर तो उघडा टाकला की जगभरातून सतत पोर्ट चाळणारे प्रोग्राम तो थोड्याच वेळात हेरतात आणि पासवर्ड लावून बघायला सुरुवात करतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा प्रोग्राम, पसरला तो याच वाटेने. विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगमधल्या एका त्रुटीतून तो एका मशिनवरून दुसऱ्यावर आपोआप जात होता, कोणी काही क्लिक करायची गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा अपडेट मार्चमध्येच दिला होता, पण ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्या फाइल कुलूपबंद झाल्या. ब्रिटनची सरकारी रुग्णालयंसुद्धा त्यातून सुटली नाहीत. म्हणूनच अनेक इंटरनेट कंपन्या ४४५ त्यांच्या बाजूनेच बंद ठेवतात. तुम्हाला 'क्लोज्ड' दिसण्याचं हेही एक कारण असू शकतं. दुसरं कारण त्याहून मोठं आहे, त्याकडे लगेच येतो.

'४४५ नको तर दुसरा कुठला तरी नंबर टाका' असा सल्ला हमखास मिळतो. नंबर बदलल्याने मागचा प्रोग्राम बदलत नाही. चाळणारे सगळे ६५,५३५ पोर्ट चाळतात. एफटीपीचा, म्हणजे फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीचा, २१ उघडा असंही कोणी सांगेल. साध्या एफटीपीत पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो, तेव्हा तेही नको. रिमोट डेस्कटॉपचा (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) ३३८९ तर अजिबात नको.

पोर्ट फॉरवर्डिंग ही वाईट गोष्ट आहे असं माझं म्हणणं नाही. कारखान्यांच्या आणि घरांच्या नेटवर्कची कामं मी करतो, त्यात पोर्ट फॉरवर्ड करावा लागतोच. पण राउटर फक्त वाट मोकळी करतो. आत येणारा कोण आहे हे तो विचारत नाही. ते विचारायचं काम पोर्टच्या मागे बसलेल्या प्रोग्रामचं. तो प्रोग्राम त्या कामासाठीच बनवलेला असेल तरच पोर्ट उघडायचा. तुम्हाला शेअर फोल्डर बाहेर काढायचा नाहीये. बाहेरच्या दोन ओळखीच्या मशिन आत आणायच्या आहेत. हा फरक धरून चाललात की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

आता ते मोठं कारण. राउटरचं काम जुन्या वाड्यासारखं चालतं. वाड्याचा पत्ता एकच, आत बिऱ्हाडं दहा. बाहेरून आलेलं पत्र कोणत्या बिऱ्हाडाचं हे दिंडीदरवाज्यावर कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणं म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंग. यासाठी वाड्याला स्वतःचा पत्ता हवा. आज पुष्कळ ब्रॉडबँड जोडण्यांना तो नसतोच. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटवरच्या चार आकड्यांच्या पद्धतीचे, पत्ते संपत आले. जगाच्या मूळ साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. त्यामुळे कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर तुम्ही राउटरमध्ये कितीही अचूक नियम टाकला तरी बाहेरचं पॅकेट कंपनीच्याच यंत्रावर अडतं, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. लोक आठवडे घालवतात, फायरवॉल बंद करतात, राउटर रिसेट करतात, शेवटी नवा राउटर आणतात. दोष त्यातल्या कशातच नसतो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका. नेमका पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. आत 'स्टेटस' किंवा 'डिव्हाइस इन्फो'मध्ये 'वॅन' नावाचा भाग सापडेल, म्हणजे राउटरची बाहेरची, इंटरनेटकडची बाजू. तिथला आयपी पत्ता कागदावर लिहून घ्या. मग त्याच घरच्या नेटवर गूगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारा आणि दोन्ही पत्ते ताडून बघा. कधी कधी उत्तरात आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ता येतो, अक्षरं आणि अपूर्णविराम असलेला. तो इथे उपयोगाचा नाही, चार आकड्यांचा आयपीव्ही४ दाखवणारी साइट बघा.

दोन्ही सारखे असतील तर तुमचा पत्ता सार्वजनिक आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तो सीजीनॅट. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला आहे. १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तरी अर्थ तोच, कंपनीने तुम्हाला आतला पत्ता दिला आहे. आणि १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा भानगड घरातच असते: कंपनीच्या फायबरच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा वेगळा राउटर लावला आहे आणि पत्ता दोन ठिकाणी बदलतो आहे. तुमच्याकडे एकच डबा आहे म्हणता, तेव्हा तुम्हाला हे लागू नाही. पण ज्यांच्याकडे दोन आहेत त्यांनी दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकावा, म्हणजे तो नुसता वायफाय देईल. किंवा कंपनीच्या डब्याला 'ब्रिज' मोडवर टाकून लॉगिन आपल्या राउटरवर घ्यावं. ब्रिज करायचं तर कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. त्या डब्यावर लँडलाइन किंवा टीव्ही असेल तर त्यांच्या सेटिंग वेगळ्या असतात आणि एकदा पुसल्या की घरच्या घरी परत आणता येत नाहीत.

सीजीनॅट निघाला तर कंपनीला फोन करून 'पब्लिक आयपी' किंवा 'स्टॅटिक आयपी' मागता येतो. काही कंपन्या वेगळे पैसे घेऊन देतात, काही फक्त व्यावसायिक प्लॅनवर देतात. फोनवरच्या माणसाला 'पोर्ट उघडून द्या' म्हणू नका, तो राउटरमधला नियम बघत बसेल. 'माझ्या वॅनवर सीजीनॅटचा पत्ता आहे, मला सार्वजनिक आयपीव्ही४ हवा' असंच सांगा, म्हणजे तक्रार योग्य टेबलावर जाईल. पण पैसे भरायच्या आधी पुढचं वाचा. तुमच्या कामाला सार्वजनिक पत्ता लागेलच असं नाही.

कारण कारखान्याला तुमचा फोल्डर नको आहे. त्यांना फाइल हवी आहे, शेवटची आणि न बिघडलेली. न बिघडलेली हा शब्द महत्त्वाचा. तुम्हाला हे माहीत असणारच, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्यांसाठी सांगतो. जकार्डच्या फाइलमधला एकेक ठिपका म्हणजे ताणा आणि बाणा, म्हणजे उभा आणि आडवा धागा, जिथे भेटतात ती जागा. रंग मोजके असतात आणि प्रत्येक रंगाला एक वीण नेमून दिलेली असते. ही फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ॲप ती दाबून लहान करतं. रंगांच्या कडेला मधलेच रंग शिरतात, आठ रंगांचे शेकडो होतात, आणि सॉफ्टवेअरला त्या नव्या रंगांची वीण ठाऊक नसते. स्क्रीनवर फूल दिसतं तसंच दिसतं, मागावर मात्र कडा फाटल्यासारखी येते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते. पण 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन २' हा घोळ त्याने सुटत नाही.

म्हणून कारखान्यासाठी माझं स्पष्ट मत: सिंकथिंग वापरा. हा फुकटचा, खुला प्रोग्राम आहे. तुमच्या आणि कारखान्यातल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकायचा, प्रत्येकाला एक लांब ओळख क्रमांक मिळतो, तो एकमेकांना द्यायचा आणि दोन्हीकडे मान्य करायचा. मग ठरवलेला फोल्डर दोन्हीकडे सारखा राहतो. जाता-येता सगळं कूटबद्ध असतं आणि कोणाच्या क्लाउडवर साठत नाही. दोन्ही मशिन सीजीनॅटमागे असल्या तरी चालतं. थेट वाट सापडली नाही तर तो मधल्या रिले मशिनवरून जातो, थोडा हळू होतो, पण रिलेवाल्याला आतलं काही वाचता येत नाही. सार्वजनिक पत्ता असेल तर पोर्ट २२००० फॉरवर्ड करून वेग वाढवता येतो. नसेल तरी अडत नाही.

यात एक सेटिंग आवर्जून करा. तुमच्या बाजूला फोल्डरचा प्रकार 'सेंड ओन्ली' आणि कारखान्याच्या बाजूला 'रिसीव्ह ओन्ली' ठेवा. म्हणजे तिथल्या ऑपरेटरने चुकून फाइल बदलली किंवा उडवली तरी तो बदल तुमच्याकडे येणार नाही. तुमच्याकडे मात्र फाइल उडाली की तिकडचीही उडेल, म्हणून कारखान्याच्या बाजूला 'फाइल व्हर्जनिंग' चालू करून ठेवा, जुनी प्रत बाजूच्या फोल्डरमध्ये राहते. शिवाय चालू कामाच्या सगळ्या फाइल देऊ नका. 'मंजूर' नावाचा वेगळा फोल्डर करा आणि तोच जोडा. पार्टीने नमुना पास केला की फाइल त्यात टाकायची. कारखान्यात जे दिसेल ते विणायचं, विचारायची गरज नाही. तंत्र बाजूला ठेवलं तरी तुमचा निम्मा घोळ या एका फोल्डरने संपेल.

तिथून पुढे मागावर फाइल कशी जाते हा कारखान्याचा भाग. मागाच्या कंट्रोलरला पेनड्राइव्हने देत असाल तर तसंच चालू द्या. एखादा जुना कॉम्प्युटर नेटवर्कवर फोल्डर उघडत नाही म्हणून विंडोजमधलं 'एसएमबी १', म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, चालू करायला कोणी सांगेल, ते करू नका. वॉनाक्रायची त्रुटी नेमकी त्यातच होती.

मुलीची गरज वेगळी आहे. तिला सगळा साठा चाळायचा असतो, जुनं डिझाईन काढून त्यावर काम करायचं असतं. तिच्यासाठी घरचं मशिन पुण्यातून गाठता यायला हवं. इथे पोर्ट फॉरवर्डिंगचं खरं काम आहे, आणि तुमचा पत्ता सार्वजनिक असेल तर ते असं करा.

प्रथम कॉम्प्युटरचा आतला पत्ता पक्का करा. राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो आणि तो बदलू शकतो. आज तुमचा कॉम्प्युटर १९२.१६८.१.५ असेल, उद्या तोच पत्ता टीव्हीला गेलेला असेल आणि नियम टीव्हीकडे बोट दाखवत बसेल. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड 'ऑल' जोडून चालवा. 'फिजिकल ॲड्रेस' म्हणून बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक दिसेल. वायरचा आणि वायफायचा वेगवेगळा असतो, जे वापरता त्याचाच घ्या. शक्यतो वायर वापरा. वायफायच असेल तर विंडोजमधलं 'रँडम हार्डवेअर ॲड्रेस' घरच्या नेटवर्कसाठी बंद असल्याची खात्री करा. मग राउटरच्या डीएचसीपी पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक डीएचसीपी' शोधा, तो क्रमांक आणि हवा तो पत्ता, समजा १९२.१६८.१.५०, टाका आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.

मग वायरगार्ड. हा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून दोन मशिनमध्ये काढलेला कूटबद्ध बोगदा, लहान आहे, वेगवान आहे आणि त्याची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही. चाळणाऱ्या प्रोग्रामला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही. काही नव्या राउटरमध्ये वायरगार्ड आतच असतो, 'व्हीपीएन सर्व्हर' या नावाखाली बघा. असेल तर तो तिथेच चालू करा, मग वेगळा पोर्ट फॉरवर्ड करायचीही गरज नाही. नसेल तर तुमच्या कॉम्प्युटरवर टाका.

दोन्ही मशिनवर वायरगार्ड स्वतःच्या दोन किल्ल्या बनवतो, एक खाजगी आणि एक सार्वजनिक. सार्वजनिक किल्ली एकमेकांना द्यायची. खाजगी किल्ली त्या मशिनमधून कधीच बाहेर काढायची नाही, मुलीलासुद्धा पाठवायची नाही. घरच्या मशिनला बोगद्यातला पत्ता १०.८.०.१/२४ द्या आणि 'लिसन पोर्ट' ५१८२०. त्यात मुलीची सार्वजनिक किल्ली आणि 'अलाउड आयपीज' १०.८.०.२/३२. मुलीच्या मशिनला पत्ता १०.८.०.२/२४, तुमची सार्वजनिक किल्ली, 'अलाउड आयपीज' १०.८.०.१/३२, 'एंडपॉइंट' म्हणून तुमच्या घरचं नाव (ते कसं घ्यायचं ते पुढे येतं) आणि ५१८२०, आणि 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५. या ३२ ला अर्थ आहे: फक्त तो एकच पत्ता. तुमच्या घरात आणि तिच्या पुण्याच्या खोलीत दोन्हीकडे राउटर १९२.१६८.१ हाच पट्टा वाटत असणार. पूर्ण पट्टा बोगद्यातून पाठवायला गेलात तर तिच्या मशिनला कळणार नाही की १९२.१६८.१.५० म्हणजे इथलं की तिथलं. फक्त १०.८.०.१ हा एक पत्ता बोगद्यातून पाठवला की हा प्रश्नच येत नाही.

आता राउटरमधला फॉर्म. मेनूचं नाव कुठे 'पोर्ट फॉरवर्डिंग', कुठे 'व्हर्च्युअल सर्व्हर', कुठे 'नॅट'च्या आत लपलेलं असतं. 'पोर्ट ट्रिगरिंग' वेगळं, तिकडे जाऊ नका. बाहेरचा पोर्ट ५१८२०, सुरुवात आणि शेवट विचारलं तर दोन्हीकडे तोच. आतला पत्ता १९२.१६८.१.५०, आतला पोर्ट ५१८२०. प्रोटोकॉल, म्हणजे डेटा पाठवायची पद्धत, यूडीपी. इथे बहुतेक जण टीसीपी तसाच ठेवतात आणि मग काही चालत नाही, कारण वायरगार्ड फक्त यूडीपीवर बोलतो. आणि कंपनीच्या फायबर डब्यांमध्ये एक खास फसगत असते. तिथे 'वॅन इंटरफेस' निवडायला दोन-तीन नावं येतात: एक इंटरनेटचं, एक फोनचं, एक कंपनीच्या स्वतःच्या देखभालीचं. यादीत पहिलं असेल ते आपोआप निवडलेलं राहतं आणि ते इंटरनेटचं असेलच असं नाही. ज्याच्या नावात इंटरनेट आहे तेच निवडा, सेव्ह करा, नियमासमोरची 'एनेबल'ची खूण बघा. नियम बरोबर असून काही होत नाही अशा डब्यांवर मी सगळ्यात आधी हीच जागा बघतो.

'डीएमझेड' नावाचा पर्याय दिसेल. त्यात पत्ता टाकला की सगळेच्या सगळे पोर्ट त्या मशिनकडे उघडतात. घाईत लोक तोच वापरतात, कारण लगेच चालतं. वापरू नका. 'यूपीएनपी' चालू असेल तर बंद करा. त्याने घरातलं कोणतंही यंत्र तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकतं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या स्टोरेज डब्यांमधल्या फाइल कुलूपबंद केल्या, तेव्हा क्यूनॅपनेच ग्राहकांना राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग आणि डब्यावरचं यूपीएनपी बंद करायला सांगितलं होतं. त्याच पानावर 'रिमोट मॅनेजमेंट'ही बंद करा, आणि राउटरचा स्टिकरवरचा पासवर्ड बदला.

घरचं नाव म्हणजे डायनॅमिक डीएनएस, बदलत्या पत्त्याला दिलेलं न बदलणारं नाव. सार्वजनिक पत्ता असला तरी तो कायमचा नसतो. वीज गेली, राउटर पुन्हा जोडला गेला की बदलू शकतो, आणि आपल्याकडे वीज जाणं काही नवीन नाही. डकडीएनएस किंवा नो-आयपीवर एक नाव घ्या, राउटरच्या 'डीडीएनएस' पानावर ते भरा. राउटरमध्ये सोय नसेल तर कॉम्प्युटरवर त्यांचा छोटा प्रोग्राम टाका, तो नवा पत्ता कळवत राहतो. वायरगार्ड ते नाव जोडणी सुरू होतानाच विचारून घेतो, त्यामुळे तुमचा पत्ता मधेच बदलला तर मुलीने एकदा बोगदा बंद करून चालू करायचा.

विजेवरून आठवलं. फायबरचा डबा आणि राउटर १२ व्होल्टवर चालतात का ते अडॅप्टरवर बघा आणि त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) 'एसी पॉवर लॉस' नंतर 'पॉवर ऑन' करा, म्हणजे वीज आल्यावर तो आपोआप सुरू होईल, आणि विंडोजमध्ये 'स्लीप' बंद करा. नाहीतर मुलगी पुण्यात जोडणी करत बसेल आणि इथे मशिन झोपलेलं असेल. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा राउटर टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका. दुपारी नेट जातं, रात्री येतं, या तक्रारीमागे बऱ्याचदा तापलेला डबा असतो.

आता फायरवॉल, आणि इथे दोन नियम लागतात. विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'इनबाउंड रूल्स'मध्ये पहिला: यूडीपी ५१८२०, परवानगी. दुसरा: टीसीपी ४४५, परवानगी, पण 'स्कोप'मध्ये दूरचा पत्ता फक्त १०.८.०.०/२४. हा दुसरा नियम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. विंडोज वायरगार्डच्या जोडणीला बहुधा 'पब्लिक' नेटवर्क समजतं आणि पब्लिकवर फाइल शेअरिंग बंद ठेवतं. बोगदा जोडलेला दिसतो, फोल्डर मात्र उघडत नाही, आणि माणूस पुन्हा राउटरमध्ये शिरून सगळं उलटंपालटं करतो. फायरवॉल पूर्ण बंद करून बघणं हा त्यावरचा इलाज नाही.

फोल्डर शेअर करताना 'एव्हरीवन'ला परवानगी देऊ नका. विंडोजमध्ये मुलीच्या नावाचा वेगळा यूजर काढा, चांगला लांब पासवर्ड द्या, आणि फक्त डिझाईनच्या फोल्डरवर हक्क द्या. पूर्ण डी ड्राइव्ह शेअर करायचं कारण नाही.

तपासताना घरच्या वायफायवरून तपासू नका. अनेक राउटर आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असूनही चालत नाही असं वाटतं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, किंवा मुलीलाच पुण्यातून जोडायला सांगा. पोर्ट तपासणाऱ्या साइट बहुतेक फक्त टीसीपी बघतात, आणि वायरगार्ड अनोळखी माणसाला उत्तर देत नाही. तेव्हा तिथे 'क्लोज्ड'च दिसेल, ते मनावर घेऊ नका. वायरगार्डच्या खिडकीत 'लेटेस्ट हँडशेक' ही ओळ आली की बोगदा जोडला गेला. मग मुलीने फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि १०.८.०.१ टाकायचं, यूजर-पासवर्ड दिला की फोल्डर समोर येतो.

पत्ता सार्वजनिक नसेल आणि कंपनी देत नसेल तर मुलीसाठी टेलस्केल वापरा. तो वायरगार्डवरच चालतो, घरगुती वापराला फुकट प्लॅन आहे, दोन्ही मशिनवर टाकून एकाच खात्याने लॉगिन केलं की सीजीनॅटमधून स्वतः वाट काढतो. राउटरला हातही लावायचा नाही. टेलस्केल मशिनला जो पत्ता देतो तो १०० नेच सुरू होतो, सीजीनॅटच्याच पट्ट्यातला. तो बघून पुन्हा सीजीनॅट आला असं समजू नका, तो बोगद्यातला पत्ता आहे. ज्या खात्याने लॉगिन कराल त्याला दोन टप्प्यांची पडताळणी मात्र लावा, कारण आता घराची किल्ली त्या खात्यात आहे. खरं सांगायचं तर पत्ता सार्वजनिक असलेल्यांनाही मी आता हाच सोपा मार्ग आधी सुचवतो. वायरगार्ड स्वतः मांडायचा तो कोणत्याही बाहेरच्या खात्यावर अवलंबून राहायचं नसेल तर.

वेगाबद्दल अपेक्षा नीट ठेवा. मुलगी फाइल उघडते तेव्हा तुमचा अपलोड वापरला जातो, डाउनलोड नाही. प्लॅनमध्ये अपलोड किती हे स्पीड टेस्टवर बघा. अपलोड २० एमबीपीएस असेल तर १० जीबीच्या फोल्डरला साधारण ६७ मिनिटं लागतील, तीही लाइन पूर्ण मोकळी असेल तर. डिझाईनची एकेक फाइल लहान असते, ती पटकन येईल. पण हजारो फाइल एकाच फोल्डरमध्ये टाकल्या असतील तर नुसती यादी उघडायलाच वेळ लागेल, कारण विंडोजचं शेअरिंग प्रत्येक फाइलची माहिती वेगळी विचारत बसतं. पार्टीप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे फोल्डर पाडा. मोठी फाइल असेल तर थेट बोगद्यावरून उघडून काम करू नये. आधी स्वतःच्या मशिनवर उतरवावी, काम करावं, मग परत टाकावी. मधेच नेट गेलं तर अर्धवट सेव्ह झालेली फाइल हाती लागते.

आणि बॅकअप. वरच्यापैकी काहीच बॅकअप नाही, सिंकथिंगसुद्धा नाही. इतक्या वर्षांच्या डिझाईन एका हार्ड डिस्कवर असतील तर आजच दुसरी आणा. आठवड्यातून एकदा जोडा, प्रत घ्या, काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअर आला तर मूळ फाइलसोबतच जाते. जमलं तर तिसरी प्रत पुण्यात मुलीकडे ठेवा.

करायचा क्रम: ४४५ चा नियम आजच काढा, वॅनचा पत्ता बघा, या आठवड्यात कारखान्याचं सिंकथिंग लावा, मुलीचं काम त्यानंतर. हँडशेक येत नसेल तर मला एवढं कळवा: वॅनचा पत्ता कोणत्या दोन आकड्यांनी सुरू होतो, वॅन इंटरफेसच्या यादीत कोणती नावं दिसतात आणि मुलीच्या मशिनवर 'ट्रान्सफर'च्या ओळीत पाठवलेले आणि आलेले आकडे काय आहेत. पाठवलेले वाढत असतील आणि आलेले शून्य असतील तर अडथळा तुमच्या राउटरपाशी, घरच्या फायरवॉलपाशी किंवा चुकून उलटसुलट झालेल्या किल्ल्यांत आहे. दोन्ही वाढत असतील आणि फक्त फोल्डर उघडत नसेल तर फायरवॉलचा तो दुसरा नियम पुन्हा बघा. पूर्ण पत्ता, खाजगी किल्ली आणि पासवर्ड मात्र मलाही पाठवू नका.